श्रीगुरू गोविंदसिंह आणि देवाचा पैसा

देवापुढे ठेवलेला पैसा कोणाचा, हा प्रश्न आमच्या देशात जितका जुना आहे तितकाच तो टाळलाही गेलेला आहे. भाविक मनुष्य पेटीत आपली मूठ रिकामी करतो आणि पुण्य पदरी पडले असे मानून घरी जातो. ती पेटी रात्री कोण उघडतो, तीतले देवकार्यास किती लागते आणि मधल्यामध्ये किती जिरते, हे विचारणे त्यास अश्रद्धेचे वाटते. घेणारासही तो प्रश्न निघू नये असेच वाटत असते. अशा रीतीने दोन्ही पक्षांच्या संमतीने जो अंधार टिकून राहतो, त्यात हात घालण्याचे धैर्य फार थोड्या धर्मपुरुषांनी दाखविले आहे. बाहेरच्या निंदकाने पुजाऱ्यावर टीका करणे सोपे असते. परंतु ज्याच्या नावाने दान गोळा होते त्यानेच, स्वतःचे उत्पन्न बुडण्याची भीती न बाळगता, आपल्या अडत्यांची दुकाने बंद करावी हे दुर्मीळ होय. शिखांचे दहावे गुरू श्रीगोविंदसिंह यांनी हे केले. त्यांचा देह आमच्या गोदातीरी, नांदेड येथे पडला असूनही महाराष्ट्रातील सुशिक्षितांस त्यांचे शौर्य तेवढे ठाऊक असते. त्यांच्या चरित्राचा हा दुसरा भाग आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम दानाची व्यवस्था कशी होती ते सांगितले पाहिजे. गुरू नानकांनी श्रम करून मिळवावे आणि त्यातून वाटून खावे हा मार्ग घालून दिला. श्रीमंत मलिक भागो याचे पक्वान्न टाकून गरीब सुतार लालो याची कोरडी भाकर त्यांनी का पसंत केली, ही कथा पंजाबातील पोरासोरांस पाठ असते. ज्या धनाच्या मुळाशी दुसऱ्याचे रक्त आहे ते धर्मकार्यासही चालत नाही, असा तिचा अभिप्राय आहे. म्हणजे दान घेणाराने दाता पाहून घ्यावे, हा दंडक अगदी आरंभापासूनचा. पुढे पंथ वाढला. तिसरे गुरू अमरदास यांनी प्रचारासाठी बावीस मंज्या म्हणजे गाद्या स्थापिल्या. चौथे गुरू रामदास व पाचवे गुरू अर्जुनदेव यांच्या काळात गावोगावच्या शिखांकडून भेट गोळा करून गुरूंकडे पोचविणारे प्रतिनिधी नेमले गेले. त्यांस मसंद म्हणत. हा शब्द फारसी मसनद शब्दावरून आला असे म्हणतात. आमच्याकडील लोड-मसनद तीच. प्रत्येक शिखाने उत्पन्नाचा दहावा हिस्सा, दसवंध, धर्मकार्यास काढून ठेवावा. मसंदाने तो वैशाखीच्या सुमारास गुरूंच्या दरबारी आणून जमा करावा.

ही व्यवस्था वाईट होती असे मुळीच नाही. अमृतसरचे सरोवर व हरिमंदिर, तरनतारनचे सरोवर, ठिकठिकाणचे लंगर ही कामे ह्याच पैशावर उभी राहिली. राजाची सनद नाही, जहागीर नाही, केवळ शेतकरी, सुतार आणि व्यापारी यांच्या दशांशावर एवढी बांधकामे व्हावी हे त्या काळी नवलच होते. पहिल्या पिढीतील मसंद बहुधा सचोटीचे असत. परंतु काम वंशपरंपरेने चालू लागले. बापाच्या मागे मुलगा, मुलाच्या मागे नातू, असे झाले की सेवेचे वतन होते, आणि वतनदार कोणाचा सेवक नसतो. पैसा देणारा दूर खेड्यात, घेणारे गुरू दूर आनंदपुरात, आणि दोघांमध्ये उभा असलेला मनुष्य हिशेब कोणालाच देत नाही, अशी स्थिती शंभर वर्षांच्या आत आली. मसंद सावकारी करू लागले, आपापले चेले करू लागले, आणि गुरुगादीवर कोण बसावे ह्या तंट्यात आपल्या सोयीचा उमेदवार पुढे करू लागले.

गोविंदसिंहांचा, तेव्हाच्या गोविंदरायांचा, जन्म 1666 साली पाटण्यास झाला. ते जन्मण्याच्या दोनच वर्षे आधी त्यांचे वडील गुरू तेगबहादुर यांस ह्या मंडळींचा अनुभव आलेला होता. आठवे गुरू हरिकृष्ण बालवयात दिल्लीस वारले, तेव्हा पुढील गुरू बकाला गावी आहे एवढीच खूण मागे राहिली. लागलीच त्या गावात बावीस जण गुरू म्हणून गाद्या टाकून बसले व भेटी घेऊ लागले, असे परंपरा सांगते. मखणशाह लुबाणा नावाचा व्यापारी नवसाच्या मोहरा घेऊन तेथे आला. खरा गुरू कोण हे न समजून त्याने प्रत्येकापुढे दोन दोन मोहरा ठेविल्या. सगळ्यांनी त्या मुकाट्याने उचलल्या. एका तेगबहादुरांनीच नवस तर याहून मोठा होता याची आठवण दिली. कथेतील चमत्कार ज्यास घ्यावयाचा त्याने घ्यावा. आम्हांस तीत दिसते ते हे की, गुरूपणाची परीक्षा दान घेण्याच्या रीतीवरून होते, असे ती सांगणाऱ्या सामान्य शिखांस वाटत होते. पुढे धीरमल नामक प्रतिस्पर्ध्याच्या मसंदाने तेगबहादुरांवर गोळी झाडली व त्यांच्या घरची भेट लुटून नेली. शिखांनी ती सव्याज परत आणली, तेव्हा गुरूंनी धीरमलची म्हणून आलेली वस्तू त्यास परत पाठविली. लुटीचा सूड लुटीने घेतलेले धन त्यांस नको होते.

1675 साली औरंगजेबाच्या हुकमाने दिल्लीच्या चांदणी चौकात तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला आणि नऊ वर्षांचा मुलगा गादीवर आला. ह्या बालगुरूच्या भोवती भेटींचा ओघ मात्र आटला नाही. काबूलहून दुनीचंद नावाच्या शिखाने मूल्यवान तंबू आणला. आसामकडील राजपुत्र रतनराय याने शिकविलेला एक हत्ती अर्पण केला. त्याचे नाव परसादी. शेजारच्या कहलूर संस्थानचा राजा भीमचंद आनंदपुरास आला, हे वैभव पाहून गेला, आणि मुलाच्या लग्नाच्या निमित्ताने त्याने हत्ती उसना मागितला. मागणीच्या आड हत्ती कायमचा गिळण्याचा बेत आहे हे उघड होते. गुरूंनी नकार दिला. भक्ताने गुरूच्या घरी म्हणून दिलेली वस्तू राजाची मर्जी राखण्यासाठी बाहेर काढण्याचा आपणांस अधिकार नाही, हा त्या नकाराचा आशय परंपरेने जपला आहे. विश्वस्त हा शब्द आज आमच्या कायद्यात आहे. त्याचा अर्थ ह्या तरुणाने एका हत्तीच्या प्रकरणात दाखवून दिला आणि त्यापायी एक राजा शत्रू करून घेतला.

ह्या वेळी मसंद काय सांगत होते ते ध्यानात घेण्याजोगे आहे. गुरूंनी रणजित नावाचा मोठा नगारा करविला तेव्हा तो वाजवू नये, डोंगरी राजे रागावतील, असा सल्ला मसंदांनी दिला असे सांगतात. ज्याचे उत्पन्न सुरक्षित असते त्यास शांतता फार प्रिय वाटते! नगारा वाजला. 1688 साली भंगाणीची लढाई झाली. तीत पैशाने ठेवलेले पठाण शिपाई ऐन वेळी शत्रूस मिळाले, आणि पांवट्याच्या लंगरात महिनोन् महिने पुष्ट झालेले बहुतेक उदासी साधू रातोरात निघून गेले. त्यांचा महंत कृपाल तेवढा राहून लढला. उलट सढौऱ्याचे पीर बुद्धूशाह नावाचे मुसलमान सत्पुरुष एक पैही न घेता आपले मुलगे व अनुयायी घेऊन धावून आले. लढाईनंतर गुरूंनी त्यांस काय दिले? आपली फणी, तीत अडकलेल्या केसांसह, आणि पागोटे. पीरांनी तेवढेच मोठ्या आदराने नेले.

मसंदांच्या दुराचाराचा स्फोट ह्याच सुमारास झाला. सातवे गुरू हरिराय यांचा टाकलेला मुलगा रामराय डेहराडून येथे स्वतंत्र गादी करून राहिला होता. 1687 साली तो समाधीत असता मसंदांनी मृत म्हणून त्यास जाळले व मालमत्ता बळकावली, असे शिखांचे ग्रंथ सांगतात. त्याची पत्नी पंजाब कौर हिने मदत मागितली ती कोणाकडे? नवऱ्याच्या प्रतिस्पर्धी घराण्यातील गोविंदरायांकडे. गुरू तेथे गेले आणि त्यांनी दोषी मसंदांस शासन केले. घराण्याचा जुना वाद त्यांनी मध्ये आणला नाही.

त्यानंतरची एक कथा आनंदपुरची आहे. बहुरूपी नकलाकारांचा एक मेळ दरबारात आला व त्याने मसंदाचे सोंग आणले. मसंद घोड्यावर, मागे नोकर, सोबत एक कलावंतीण. असा थाट एका दरिद्री शिखाच्या दारी उतरतो. घरधनी होते नव्हते ते पुढे ठेवतो. मसंदाचे पोट भरत नाही. तो शिव्याशाप देतो, गुरूच्या कोपाची भीती घालतो, आणि शेवटी त्या बापड्याच्या घरातील किडूकमिडूक विकावयास लावून निघून जातो. सभा हसली. गुरू हसले नाहीत. आपल्या नावाने खेड्यापाड्यांतून हे चालले आहे ह्याची वर्दी त्यांस एका सोंगाड्याने द्यावी ह्यापरते विदारक काय असेल? राजदरबारी जे कारभारी बोलत नाहीत ते विदूषक बोलतो. गाऱ्हाणी त्यांच्या कानी पूर्वीही आली असतीलच. पण दात्याची बाजू डोळ्यांपुढे उभी राहणे निराळे.

मसंदांची धरपकड होऊन त्यांस कडक शिक्षा झाल्या. काही बखरींतून उकळत्या तेलाच्या वगैरे गोष्टी येतात, त्या अक्षरशः घेण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. त्या खऱ्या असतील तर त्यांचे समर्थन करावे असेही आम्हांस वाटत नाही. मात्र सरसकट सर्वांस एकच माप लावले गेले नाही, हे भाई फेरूच्या गोष्टीवरून दिसते. लाहोरच्या दक्षिणेकडील मुलखाचा हा वृद्ध मसंद. मसंदांस दाढी धरून आणावे असा हुकूम सुटला होता; ह्याच्या दाढीस हात लावण्याचे धैर्य शिपायास होईना. तेव्हा हा स्वतःच आपली दाढी आपल्या मुठीत धरून गुरूंसमोर उभा राहिला. चौकशीत त्याने गोळा केलेला पैसा लंगरात भुकेल्यांच्या मुखी गेल्याचे आढळले. गुरूंनी त्यास सच्ची दाढी म्हणून गौरविले आणि त्याचे अन्नछत्र तसेच चालू ठेवविले.

मग 1699 ची वैशाखी आली. आनंदपुरच्या त्या सभेत पाच जणांनी शिर देऊ केले व खालसा पंथ जन्मास आला, हे सर्वश्रुत आहे. ते पाच जण लाहोर, हस्तिनापूर, जगन्नाथपुरी, द्वारका आणि बीदर येथले. एक खत्री, एक जाट, एक पाणक्या, एक शिंपी आणि बीदरचा तो न्हावी. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. आमचे लक्ष खालसा ह्या शब्दाकडे आहे. मराठी वाचकास तो शब्द परका नाही. 1848 साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले, असे आपण शाळेत शिकतो. मोगली वसुलाच्या भाषेत ज्या जमिनीचा सारा मधल्या जहागीरदाराकडे न जाता थेट सरकारात भरला जातो ती खालसा जमीन. गुरूंचा खालसा म्हणजे काय, याचे पुष्कळ अर्थ केले जातात. शुद्ध हा एक. परंतु काही अभ्यासकांनी हा महसुली अर्थही पुढे मांडला आहे, व तो आम्हांस फार मार्मिक वाटतो. ज्या शिखांच्या व गुरूंच्या मध्ये मसंद नाही, ते खालसा. त्या काळची गुरूंची आज्ञापत्रे, ज्यांस हुकमनामे म्हणतात, उपलब्ध आहेत. त्यांत ठिकठिकाणच्या संगतींस बजावले आहे की, मसंदास मानू नका, दसवंध त्याच्या हाती देऊ नका, स्वतः दर्शनास याल तेव्हा घेऊन या. खालशाने मसंद व त्यांचे पाठीराखे यांच्याशी रोटीबेटी व्यवहार ठेवू नये असाही नियम झाला.

ह्याचा व्यवहारी अर्थ वाचकांनी नीट पाहावा. काबूलपासून बंगालपर्यंत पसरलेली वसुलीची यंत्रणा, शतकभराची, एका आज्ञेने मोडली गेली. तीही कोणत्या वेळी? डोंगरी राजे उलटले आहेत, मोगल सुभेदार चालून येण्याच्या बेतात आहेत, किल्ले बांधावयाचे आहेत, घोडे व शस्त्रे घ्यावयाची आहेत, अशा वेळी. आमच्या संस्था चालविणाऱ्या गृहस्थांस विचारा. अडचणीच्या दिवसांत सुधारणा पुढे ढकलावी, असेच ते सांगतील. मसंदांच्या पोतडीत अर्धे जात असले तरी अर्धे तर येत होते! गुरूंनी ते अर्धेही सोडले. त्याऐवजी त्यांनी मागितले ते दात्याचे स्वतःचे येणे. तो भेट घेऊन आनंदपुरास येईल, लंगरात पंक्तीस बसेल, आपला पैसा कशात खर्च होतो ते डोळ्यांनी पाहील.

आनंदपुरास लंगर एक नव्हता, अनेक होते, आणि ते चालविणाऱ्यांची परीक्षा गुरूंनी वेष पालटून घेतल्याची कथा आहे. अवेळी दारी आलेल्या वाटसरूस कोणी शिधा शिजला नाही म्हणून परतविले, कोणी आधी प्रार्थना होऊ दे म्हणून थांबविले. भाई नंदलाल ह्या फारसी कवीने मात्र पीठ, डाळ, लोणी जे अर्धेकच्चे हाताशी होते ते पुढे ठेविले. दुसऱ्या दिवशी दरबारात कोणाची वाहवा झाली ते सांगावयास नको.

पूजेच्या पैशाविषयी गुरूंची वृत्ती याहूनही कठोर होती. तो स्वतःच्या चैनीसाठी घेणे म्हणजे विष खाणे, असे ते मानीत. आलेले द्रव्य त्यांनी सतलजेत टाकविले व शिखांनी कारण विचारले असता, आपल्या मुलांस विष कोण चारील, अशा अर्थाचे उत्तर दिले, अशी एक आख्यायिका आहे. नदीत पैसा टाकणे हा काही अर्थशास्त्राचा नमुना नव्हे, आणि तेच द्रव्य भुकेल्यांस वाटता आले असते अशी शंका कोणी घेतल्यास ती अयोग्य म्हणता येणार नाही. परंतु आयत्या धनावर पिढी पोसली की ती पिढी मसंदांसारखी होते, हे ज्याने पाहिले होते त्याची ही भीती होती.

1704 च्या डिसेंबरात (काहींच्या मते 1705) वेढ्यास कंटाळून आनंदपूर सोडावे लागले. सिरसा नदीच्या पुरात ग्रंथ, सामान, माणसे वाहून गेली. थोरले दोघे मुलगे चमकौरच्या गढीत लढता लढता पडले; धाकटे दोघे सरहिंदेस मारले गेले व वृद्ध माता गुजरी तेथेच वारल्या. त्या आजीनातवांस ज्या जुन्या नोकराने आश्रय दिला त्यानेच मोहरांच्या थैलीच्या मोहाने त्यांस पकडून दिले, असे परंपरा सांगते.

पुढे माळव्यात फिरत असता बराड जमातीच्या शिपायांनी पगारासाठी गुरूंची वाट अडविली. गुरूंपाशी काही नव्हते. तेवढ्यात एक शीख भेटीचे धन घेऊन आला. ते तेथल्या तेथे सर्वांस वाटण्यात आले. दानसिंह नावाच्या एकानेच पगार नाकारला व शीखपण मागितले. आम्हांस विशेष वाटते ते हे की, श्रमाचा मोबदला मागणाऱ्यावर गुरूंनी अश्रद्धेचा आरोप केला नाही. देवाच्या कामासाठी राबणाऱ्याने वेतन मागू नये, असे म्हणून गरिबांस राबविणारे पुष्कळ आढळतात.

औरंगजेब 1707 साली अहमदनगरजवळ मेला. नवा बादशहा बहादूरशाह याची व गुरूंची आग्र्यास भेट झाली. बादशहाने मानाचा पोशाख व साठ हजारांचे जडावाचे पदक दिले. ही गोष्ट गुरूंनी त्याच वर्षीच्या हुकमनाम्यात संगतीस कळविली आहे. मिळालेली वस्तू काय व केवढ्याची, हे अनुयायांस पत्राने कळविणारा धर्मगुरू किती ठिकाणी पाहावयास मिळेल?

बादशहाच्या छावणीबरोबर ते दक्षिणेत आले व 1708 साली नांदेडास राहिले. गोदावरीच्या काठी नगीना घाट म्हणून जे स्थान आहे त्याची कथा तेथे आजही सांगतात. कोणा बंजारा शिखाने एक मोलाचे रत्न अर्पण केले. गुरूंनी ते हातात घेऊन नदीत टाकले. भक्तास वाईट वाटले. आपल्या रत्नाची किंमत ह्यांस कळली नाही असे मनात आले. तेव्हा पाण्यात उतरून तुझे तूच शोधून घे असे त्यास सांगण्यात आले, आणि त्यास तळाशी तसलीच असंख्य रत्ने दिसली. देणाऱ्याचा गर्व दानाबरोबर स्वीकारला जात नाही, तो नदीत जातो! हीरा घाटाची कथाही ह्याच जातीची असून तीत रत्न बादशहाचे आहे. मालटेकडीवर ढाल भरभरून शिपायांचा पगार चुकविल्याचीही आठवण आहे.

ऑक्टोबर 1708 मध्ये, मारेकऱ्याने केलेल्या जखमेने, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. मुलगा कोणी उरला नव्हता. त्यांनी मनुष्यास गादी न देता ग्रंथासच गुरू केले. त्या ग्रंथात आमच्या नामदेवांची पदेही आहेत. धर्मदृष्ट्या ह्याचा अर्थ काय तो पंडितांनी सांगावा. हिशेबाच्या दृष्टीने असा की, भेट स्वतःची म्हणून घेणारा देहधारी मालक त्या दिवसापासून शीख पंथात राहिला नाही. ग्रंथास पोट नाही, बायकामुले नाहीत, वारस नाहीत. जे येईल ते संगतीचे.

तथापि मसंद गेले तरी त्यांची जागा रिकामी राहिली नाही. पुढील दोन शतकांत गुरुद्वारांचा कारभार महंतांकडे गेला, महाराजा रणजितसिंहांच्या काळी मिळालेल्या जमिनी इंग्रजी अमलात त्यांच्या खाजगी नावावर चढल्या, आणि नानकानेसारख्या जन्मस्थानी देवाच्या पैशावर काय काय चालले ते सांगण्यासही लाज वाटावी. 20 फेब्रुवारी 1921 रोजी तेथील महंताच्या भाडोत्री माणसांनी निःशस्त्र शिखांची कत्तल केली. 1925 साली गुरुद्वारा कायदा होऊन कारभार निवडून आलेल्या मंडळाकडे आला. आमच्याकडे पंढरपुरास बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढणारा कायदा 1973 साली झाला, आणि बडव्यांचा शेवटचा दावा सर्वोच्च न्यायालयात निकाली निघावयास 2014 साल उजाडले.

नांदेडच्या सचखंड हुजूरसाहेबाची इमारत रणजितसिंहांनी 1830 नंतर बांधविली. त्या गुरुद्वाराच्या व्यवस्थेचा कायदा 1956 चा, म्हणजे नांदेड हैदराबाद राज्यात होते तेव्हाचा आहे. 2024 साली महाराष्ट्र सरकारने व्यवस्थापक मंडळात सरकारनियुक्त सभासद वाढविण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा त्याविरुद्ध थेट पंजाबापासून निषेध उठला. संगतीने दिलेल्या पैशावर संगतीची निवड चालावी की सरकारची, असा तो वाद होता. हे चालू असताना लंगरातील चूल मात्र एक दिवसही विझली नाही, आणि परभणी, हिंगोलीकडून कामानिमित्त नांदेडास आलेला कोणीही भुकेला मनुष्य आजही तेथे पंक्तीत बसतो, त्यास नाव किंवा जात कोणी विचारीत नाही.